मन मोकळे केले की पारा उतरतो का?

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दुधनी हे गाव आहे. अक्कलकोट तालुक्यातले, अगदी कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले. इथल्या बाजारात तुरीचा भाव विचारला तर उत्तर कधी मराठीत येते, कधी कानडीत, कधी दखनीत. शाळेतल्या विज्ञान-साधनांविषयी बोलण्यासाठी आम्ही तेथल्या काही शिक्षकांना भेटलो होतो. बोलणे साधनांवरून सुरू झाले, पण मधल्या सुट्टीत चहा आला, सोबत खारे शेंगदाणे आले आणि विषय बदलला. एका सरांनी बशी पुढे सरकवली. "मला नको. बीपी आहे." शेजारचे सर हसून म्हणाले, "मला आता काही पथ्य नाही बघा. गोळीच बंद केली की हो मी. दोन महिने झाले."

का बंद केली, असे विचारल्यावर त्यांनी खिशातून एक कात्रण काढले. "वाचलं मी. मनात साठवून ठेवलं की बीपी वाढतो. आता रोज संध्याकाळी मित्राबरोबर स्टेशनाकडं फिरायला जातो, जे असेल ते बोलून टाकतो. हलकं वाटतं. मग गोळी कशाला?"

समोर वह्या तपासत बसलेल्या बाईंनी मान वर केली. "मी वाचलं ते तर उलटंच होतं. ज्याला बीपी आहे त्याला दुसऱ्याच्या भावनाच नीट कळत नाहीत म्हणे." त्यावर कोणीतरी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे बोट केले आणि सगळे हसले.

आम्हीही हसलो. पण दोन्ही कात्रणे मागून घेतली. दोन्ही विज्ञानाच्या सदरातली होती. त्यांची नावे इथे देत नाही, कारण दोष कोणा एकाचा नाही. अशा प्रकारचे लेखन थोडेफार आपण सर्वांनीच केले आहे, वर्गात सांगितलेही आहे. पहिले कात्रण म्हणते, मन मिटलेले असले की रक्तदाब वाढतो. दुसरे म्हणते, रक्तदाब वाढला की मन मिटते. बाण दोन दिशांना आहेत, पण दोन्ही लेखांचा सूर सारखाच ठाम आहे. या ठामपणाला आधार किती, ते तपासून पाहू या. चर्चेसाठी ही गंमत असेल, पण एका माणसाची गोळी त्यावर बंद झाली आहे.

दुसऱ्या कात्रणाचे मूळ

आधी दुसरे कात्रण घेऊ, कारण त्याचे मूळ सापडते. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅककबिन आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेले शंभराच्या वर प्रौढ स्त्री-पुरुष सर्व आफ्रिकन-अमेरिकन होते. त्यांचा रक्तदाब मोजला आणि त्यांना एक प्रश्नसंच सोडवायला दिला. छोटी वाक्ये, चेहऱ्यांची छायाचित्रे आणि प्रसंगांची चित्रे यांच्या जोड्या लावायच्या होत्या. प्रश्न १४०. कोणत्या वाक्यात भीती आहे, कोणत्या चेहऱ्यावर राग आहे, कोठे दुःख, किळस, आश्चर्य किंवा आनंद आहे आणि कोठे यांपैकी काहीच नाही, हे ओळखायचे. ज्यांचा रक्तदाब जास्त होता त्यांची उत्तरे सरासरीने थोडी जास्त चुकली. या प्रकाराला संशोधकांनी दिलेल्या नावाचा अर्थ 'भावनांचे मंदावणे' असा सांगता येईल.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. आपल्या मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांच्या भिंतींत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. त्यांना आपण दाबग्राही म्हणू. दाब वाढला, भिंत ताणली गेली, की ही टोके मेंदूच्या देठाकडे संदेश धाडतात. तेथून उलट आज्ञा निघते: हृदयाचे ठोके कमी कर, रक्तवाहिन्या सैल कर. घरातल्या पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा जसा पातळी वाढली की नळ बंद करतो, तशीच ही व्यवस्था आहे.

पण दाबग्राहींचे काम तेवढ्यावर थांबत नाही. १९७९ साली अमेरिकेत उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात असे दिसले, की औषध देऊन रक्तदाब वाढवला असता उंदीर त्रासदायक उत्तेजनापासून सुटण्याची धडपड कमी करतात. ज्या उंदरांच्या दाबग्राहींच्या चेता आधीच तोडलेल्या होत्या, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. म्हणजे दाब वाढल्याचा संदेश मेंदूत पोचला की वेदना थोडी बोथट होते. पुढच्याच वर्षी माणसांबाबतही तसेच निरीक्षण प्रसिद्ध झाले. उच्च रक्तदाब असलेल्यांच्या दाताला सौम्य विद्युत उत्तेजन दिले, तेव्हा ते जाणवायला इतरांपेक्षा जास्त तीव्रता लागली. मॅककबिन यांचा तर्क पुढचा आहे: वेदना बोथट होत असेल, तर भावनाही होत असतील.

तर्क चांगला आहे. चांगला तर्क म्हणजे तपासता येण्यासारखा तर्क. कात्रणाने मात्र तो तपासून झाल्यासारखा छापला.

चार प्रश्न

वर्गात आपण मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो. इथे निदान चार विचारायला हवेत.

पहिला प्रश्न: संबंध केवढा? अशा अभ्यासांत सहसंबंधाचा आकडा बहुधा लहान असतो. समजा तो ०.३ आहे. दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे. ०.३ चा वर्ग ०.०९. म्हणजे माणसामाणसांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातल्या शंभर भागांपैकी नऊ भागांचाच मेळ रक्तदाबाशी बसतो. उरलेले एक्क्याण्णव भाग कशाचे? झोप, दृष्टी, वाचनाची सवय, त्या दिवशीचा कंटाळा, काहीही. गटाच्या सरासरीत दिसणारा एवढासा कल एका माणसाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीकडे दाखवलेले बोट आपण मागे घ्यावे.

दुसरा प्रश्न: तिसरेच काही कारण नाही ना? वय वाढते तसा रक्तदाब वाढतो आणि नजर, स्मरण, उत्तर देण्याचा वेग हेही बदलतात. रक्तदाबाची काही औषधे सुस्ती आणतात. बरीच वर्षे दाब जास्त राहिला तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. मग चुकलेली उत्तरे दाबग्राहींमुळे, की या इजेमुळे? चांगला संशोधक वयाचा, शिक्षणाचा हिशेब आकडेमोडीत धरतो. कात्रणात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

तिसरा प्रश्न: मोजले काय? इथे दुधनीचाच विचार करू. घरी कानडी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलासमोर मराठी वाक्यांचे १४० प्रश्न ठेवले तर काय होईल? 'खंत', 'हुरहुर', 'उद्वेग' असे शब्द त्याने पुस्तकात वाचले असतील, आईच्या तोंडून ऐकलेले नसतील. कानडीत 'मनस्सु बिच्चि मातनाडु' म्हणतात, म्हणजे मनाची गाठ सोडून बोल. मराठीतल्या 'मन मोकळे कर'चाच हा अर्थ, पण चित्र वेगळे आहे. त्या मुलाला गुण कमी पडले, तर त्याच्या भावना बोथट आहेत असे आपण म्हणणार का? नाही. चाचणीने भावनांबरोबर भाषाही मोजली, असे म्हणू. एखाद्या गावात वृद्धांचे शालेय शिक्षण कमी असेल आणि त्यांचा रक्तदाबही जास्त असेल, तर दाबग्राहींचा काडीचा संबंध नसतानाही रक्तदाब आणि गुण यांचे व्यस्त नाते कागदावर उमटेल. वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या चेहऱ्यांच्या लोकांत हीच चाचणी पुन्हा करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष सीमा ओलांडत नाही.

शिवाय दुसऱ्याची भावना ओळखणे, स्वतःला ती जाणवणे आणि ती बोलून दाखवणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घरातले आजोबा कधी चार शब्द बोलत नाहीत, पण सून उपाशी आहे हे तिच्या चेहऱ्यावरून आधी त्यांनाच कळते. अशी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मॅककबिन यांनी ओळखणे मोजले. कात्रणाने त्याचे 'मन मिटणे' केले. वाक्य बदलले की विज्ञानही बदलते.

चौथा प्रश्न: उलट पुरावा आहे का? आहे. इंग्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्यांची चित्रे हृदयाच्या ठोक्याशी जुळवून क्षणभर दाखवली. हृदय आकुंचन पावून रक्त धमन्यांत ढकलले जाते, त्या वेळी दाबग्राही सर्वांत जास्त जागे असतात. 'मंदावण्या'चा साधा नियम खरा असेल तर त्या क्षणी भीती कमी जाणवायला हवी. प्रत्यक्षात भ्यालेले चेहरे त्याच क्षणी अधिक सहज ओळखू आले आणि अधिक तीव्र वाटले. म्हणजे दाबग्राहींचा संदेश वेदना कमी करतो, पण भीतीच्या बाबतीत उलट वागू शकतो. यात दोन ठोक्यांमधला क्षण मोजला आहे, वर्षानुवर्षे वाढलेला दाब नव्हे, हेही खरे. तरीही चित्र कात्रणापेक्षा गुंतागुंतीचे आहे, एवढे नक्की.

पहिले कात्रण: साठवलेला राग

आता सरांच्या खिशातले कात्रण. ही कल्पना जुनी आहे आणि आपल्या भाषेतच मुरलेली आहे. रक्त खवळते, माणूस आतल्या आत धुमसतो, कुढतो. चुलीवरच्या भांड्याचे झाकण घट्ट बसवले की वाफ कोंडते, हे आपण रोज पाहतो. त्यामुळे कोंडलेला राग म्हणजे वाढलेला दाब, हे ऐकताच पटते. दोन्हीकडे 'दाब' हा एकच शब्द आला की सिद्ध करायचे काही उरलेच नाही असे वाटते. पण धमनीतला दाब हा रक्ताचा आणि भिंतीचा आहे. रागाची वाफ त्यात कोठेच नाही.

शिकागो येथील मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९३९ साली हीच कल्पना शास्त्राच्या भाषेत मांडली. राग व्यक्त करता न येणाऱ्या माणसांत उच्च रक्तदाब होतो, असे ते म्हणत. मनाच्या संघर्षातून होणाऱ्या रोगांच्या त्यांच्या यादीत जठरातला व्रणही होता. पुढे काही दशके असा व्रण झालेल्या माणसाला 'फार विचार करू नका' असा सल्ला मिळत राहिला. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना अशा रुग्णांच्या जठरात एक जिवाणू आढळला, प्रतिजैविकांनी व्रण कायमचे बरे होऊ लागले आणि २००५ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. उच्च रक्तदाबामागेही जिवाणू निघेल असे आम्ही सुचवत नाही. स्वभावावर रोगाचे खापर फोडणे किती सोपे असते आणि ते किती काळ टिकते, याचे हे उदाहरण आहे.

अलेक्झांडर यांच्यानंतर पुष्कळ अभ्यास झाले. काहींत संबंध दिसला, काहींत नाही. फिनलंडमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने उच्च रक्तदाब आढळलेल्या लोकांना स्वतःच्या भावना शब्दांत मांडणे इतरांपेक्षा जास्त जड जाते असे दिसले. मग सरांचे कात्रण बरोबर का? थांबू या. एकाच वेळी दोन गोष्टी मोजल्या, तर आधी कोण आणि नंतर कोण हे कळत नाही. शिवाय 'तुम्हाला बीपी आहे' हे वाक्यच माणसाला बदलते. कॅनडातील पोलाद कारखान्यातल्या कामगारांचा एक अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाब असल्याचे सांगितल्यानंतर त्या कामगारांच्या गैरहजेरीचे प्रमाण वाढले. आदल्या दिवशीपर्यंत हेच लोक हाच रक्तदाब घेऊन कामावर येत होते. निदान समजलेला माणूस स्वतःकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. मग त्याने भरलेल्या प्रश्नावलीतून त्याचा मूळचा स्वभाव कसा वाचायचा?

आता थेट प्रयोगाकडे येऊ. मन मोकळे केल्यावर खरोखर काय होते? अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस थोडा वेळ लिहायला सांगितले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगावर, मनातले सारे. दुखऱ्या प्रसंगावर भावनांसह लिहिणारे पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. हे वाक्य मन मोकळे करण्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. त्याच अभ्यासातले दुसरे वाक्य मात्र सहसा कोणी सांगत नाही: लिहून झाल्यावर लगेच त्यांचा रक्तदाब तुलनेने जास्त होता आणि मनही खिन्न होते. मन मोकळे करणे कदाचित दीर्घ मुदतीत उपयोगी पडते, पण ते काही रक्तदाबाचे औषध म्हणून सिद्ध झालेले नाही.

सर्पगंधेची गोष्ट

रक्तदाब आणि मन यांचा संबंध खोटाच आहे, असा याचा अर्थ नव्हे. भीती वाटली की ठोके वाढतात, दाब वाढतो, हे कोणीही अनुभवू शकतो. या संबंधाचा एक मोठा धडा तर आपल्या मुंबईतच लिहिला गेला.

सर्पगंधेचे मूळ आपल्या देशात फार पूर्वीपासून वापरात होते. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाविषयी लिहिताना वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरचे औषध असा त्याचा उल्लेख केला. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली आणि सर्पगंधेकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले गेले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पीन दोन्हीकडे काम करते, त्याचे कारण आता माहीत आहे. चेतातंतूंच्या टोकांशी काही रासायनिक निरोपे छोट्या पिशव्यांत भरून ठेवलेले असतात. रेसर्पीन त्या पिशव्या भरू देत नाही. रक्तवाहिन्यांजवळच्या टोकांशी साठा संपला की वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. मेंदूतही तसाच साठा संपतो आणि माणूस शांत, मंद होतो. कारण एकच आहे, परिणाम दोन ठिकाणी. इथे मनामुळे दाब उतरत नाही आणि दाबामुळे मन शांत होत नाही. आपल्या दोन्ही कात्रणांना हा तिसरा पर्याय सुचलाच नव्हता.

गोष्टीचा पुढचा भागही शिकवण्यासारखा आहे. रेसर्पीन घेणारे काही रुग्ण उदास झाले, अशी निरीक्षणे १९५०च्या दशकात येऊ लागली आणि 'रेसर्पीनने नैराश्य येते' हे पाठ्यपुस्तकात जाऊन बसले. पण १९५५ साली लंडनमध्ये डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त व उदास रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून एका गटाला रेसर्पीन आणि दुसऱ्याला नुसती खोटी गोळी दिली, तेव्हा रेसर्पीनच्या गटाला उलट बरे वाटले. तो निबंध मागे पडला आणि समजूत टिकली. रुग्ण उदास झाला हे निरीक्षण खरे असेलही. पण तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर कारण कोणते हे निरीक्षण सांगू शकत नाही.

पणाला काय लागले आहे

हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण साधे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब जास्त होता किंवा त्यासाठी त्या औषध घेत होत्या. साधारण चारपाच माणसांत एक. शिक्षकांच्या खोलीत दहा जण असतील तर दोघे. यातल्या बहुतेकांना काहीही जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून 'हलके वाटते' ही खूण रक्तदाबाच्या बाबतीत निरुपयोगी आहे. पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार हे पुढे येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि उपाय काही दुर्मिळ नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र आणि राज्य सरकारे व जागतिक आरोग्य संघटना यांनी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यात जादू कोणतीच नव्हती. ठरलेली स्वस्त औषधे, ती गावाजवळ मिळण्याची सोय, प्रत्येक भेटीत मोजमाप आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा. त्याच्या जोडीला मीठ कमी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. आपल्याकडे पापड, लोणचे, चटणी आणि खारे शेंगदाणे धरून ते त्याहून बरेच जास्त होते.

'मनात ठेवतोस म्हणून तुला बीपी' या वाक्याचा दुसराही तोटा आहे. ते आजाऱ्यालाच आरोपी करते. एखाद्या बाईंवर नोकरी, घर आणि आजारी सासूबाई यांचा भार आहे. त्या कोणाजवळ बोलत नाहीत, कारण बोलायला वेळच नाही. त्यांचा रक्तदाब वाढला तर दोष त्यांच्या मिटलेल्या स्वभावाचा? मन मोकळे करावे, जरूर करावे. मैत्रीसाठी करावे, एकटेपणा कमी व्हावा म्हणून करावे. त्यासाठी पाऱ्याची साक्ष काढण्याची गरज नाही.

एक प्रयोग

हा प्रयोग शिक्षकांनी आधी आपसात करावा, मग मोठ्या वर्गांतल्या मुलांबरोबर. दंडाला पट्टा बांधण्याचा स्वयंचलित रक्तदाबमापक पुरे. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या पातळीला आणून पाच मिनिटे गप्प बसावे. मग पहिले माप. नंतर पाठ्यपुस्तकातला कोणताही उतारा दोन मिनिटे मोठ्याने वाचावा आणि वाचता वाचताच दुसरे माप घ्यावे. पुन्हा पाच मिनिटे गप्प, मग तिसरे माप. बहुतेकांचा वरचा आकडा बोलताना सुमारे १० मिलिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त चढतो आणि गप्प बसल्यावर उतरतो. उतारा सुखाचा असो की दुःखाचा, नुसते बोलणेच पुरते. म्हणून तपासणीच्या वेळी नर्सबाईंशी मन मोकळे करू नये.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. मापे नावानिशी फळ्यावर लिहू नयेत, आणि मुलांना घरातली दुःखे 'प्रयोग म्हणून' सांगायला लावू नये. एका मापावरून निदानही करू नये. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा आला, तर डॉक्टरांकडे जावे.

त्या दिवशी दुधनीत आम्ही हा प्रयोग तिथेच केला. पहिला मान गोळी बंद केलेल्या सरांचा. ते बोलत होते तेव्हा यंत्राने १६४/९८ दाखवले. पाच मिनिटे गप्प बसवल्यावर १५२/९४. ते आकड्याकडे बघत राहिले. "म्हणजे बोलल्यानं वाढतोय, आणि गप्प बसूनही आहेच की." आम्ही म्हटले, "मित्राबरोबरचं फिरणं सोडू नका. पण डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करणं चुकलं."

महिन्याभराने त्यांचे पोस्टकार्ड आले. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली होती. फिरणे चालूच होते. खाली एक छोटा तक्ता होता. त्यांनी स्वतःवर आणि दोन सहकाऱ्यांवर प्रयोग पुढे नेला होता: एकदा मराठी उतारा, एकदा कानडी. कानडी वाचताना आकडा थोडा कमी चढला, असे त्यांना वाटत होते. ते विचारत होते, घरची भाषा म्हणून असे होत असेल का?

तीन माणसांची मापे म्हणजे पुरावा नव्हे, आणि कोणता उतारा आधी वाचला यानेही फरक पडतो, हे आम्ही त्यांना कळवले. पण प्रश्न चांगला आहे. उताऱ्यांचा क्रम नाणे उडवून ठरवला, निदान वीस माणसे घेतली आणि वाचनाचा वेग सारखा ठेवला, तर एखाद्या शाळेला तो तपासता येईल. सीमेवरच्या शाळांना तर सहज. कोणी केल्यास तक्ते आमच्याकडे जरूर पाठवावेत, अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तरीही.